पुलाचं आणखी एक भूमिपूजन

उत्तर आयर्लंडच्या सीमेवरच्या एका गावात मी काही महिने डॉक्टर होतो. समोर खाडी, पलीकडे दुसरा देश. त्या दिवशी खाडीवरच्या पुलाचं पुन्हा एकदा भूमिपूजन होतं. दोन्ही काठांवर, दोन्ही सरकारांचं. नारळ तेवढा नव्हता, बाकी सगळं आपल्यासारखंच. मंत्री बोलत होते आणि शेजारचा म्हातारा निवांतपणे कोटाच्या खिशात सँडविच भरत होता.

"पूल होणार का हो?" मी विचारलं.

"लहानपणापासून येतोय. सँडविच मात्र सुधारलंय."

मग त्याने पलीकडे जोरात हात हलवला. तिथल्या तंबूपाशी एका म्हातारीने प्लेट उंचावली.

"बहीण माझी. त्यांच्या सरकारचा केक फार छान असतो म्हणते. खाडीला वळसा घालून तिकडे जाणारी बस बंद झाल्यापासून मी काही चाखलेला नाही."