सतरा नंबरची चिठ्ठी

सोफेवाल्यांना गल्लीतली सगळी दुकानं ओळखत, पण गिऱ्हाईक म्हणून कमी आणि वस्तू परत करणारा माणूस म्हणून जास्त. ते पिशवी घेऊन दारात दिसले की दुकानदार लांबूनच विचारी, "काय हो, या वेळी काय निघालं?" मग सोफेवाले ओशाळं हसून पिशवी काउंटरवर ठेवत. गरम पाण्याच्या पिशवीची कड एका बाजूला जाड निघालेली असे. सपातांपैकी डावीचा तळ उजवीपेक्षा दोन कागद उंच असे. रेडिओचं बटण मधोमध नसे. दुकानदार हसे आणि पट्टी लावून बघे, तर ते खरोखरच मधोमध नसे. वैताग होता तो याचाच.

या चुका काढत त्यांच्या पत्नी, दुर्बीणबाई. हे नाव त्यांना कारखान्यातल्यांनी दिलं होतं. तीस वर्षं त्या शर्टांच्या कारखान्यात माल तपासायला होत्या. शिवलेला शर्ट टेबलावर आला की कॉलरपासून काजांपर्यंत बोट फिरवायचं, चूक दिसली की खडूचा गोल करून लाल दोरा बांधायचा आणि शर्ट परत पाठवायचा. पास झाला तरच खिशात एक छोटी चिठ्ठी सरकवायची, 'तपासले – १७'. नव्या शर्टाच्या खिशात आपल्याला अशी चिठ्ठी सापडते आणि आपण ती चुरगळून फेकून देतो. तिच्यापायी कोणीतरी दिवसभर डोळे शिणवलेले असतात, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

तर अशा बाईला भेट द्यायची म्हणजे काय, याची कल्पना करा. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण सोफेवाल्यांनी आणलेली एकही वस्तू पहिल्या झटक्यात पास झाली नव्हती. स्वतः सोफेवाले काही कच्चे कारागीर नव्हते. गल्लीच्या टोकाला त्यांचं सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्याचं दुकान होतं, आणि त्यांच्या हातचं काम लोक वर्षानुवर्षं वापरत. पण घरी आले की ते परीक्षेला बसलेले असत. आपली एक तरी वस्तू या बाईने पास करावी, एवढी साधी इच्छा त्यांनी मनात जपली होती.

दोन वर्षांपूर्वी दुर्बीणबाईंच्या कण्याने दगा दिला. ऑपरेशन झालं. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत सहा पावलं जमायला लागली, पण जिना उतरणं कायमचं संपलं. घर तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या बावन्न आणि लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणताना चार माणसांनी त्यांना चादरीत घालून वर चढवलं होतं. तेव्हाच त्यांनी बजावलं, "पुन्हा मला कोणी हात लावायचा नाही."

सोफेवाल्यांचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा आणि दुकानाच्या सामानाची ने-आण करायचा. मन साफ, पण जीभ पुढे. तो एकदा म्हणाला, "वहिनी, त्यात काय एवढं? आम्ही दोघं रोज सोफे उतरवतो. तुम्ही काय जड आहात?"

"मी काय सोफा आहे, भाऊजी?" दुर्बीणबाई म्हणाल्या आणि आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो विषय तिथेच संपला.

मग सोफेवाल्यांनी भेटवस्तूंचा सपाटा लावला. खाली पडलेली वस्तू उचलायची चिमट्याची काठी आणली, पलंगावर ठेवायचं छोटं टेबल आणलं, पाठीमागे घ्यायच्या उशा तर पाच आणल्या. सगळ्यांना नाकं मुरडली गेली आणि सगळ्या परत गेल्या. हेलपाटे घालून सोफेवाल्यांच्या चपला झिजल्या. ते तोंडाने कुरकुरत, पण खरं सांगायचं तर त्यांना त्यात एक बरं वाटे. घरात भांडायला माणूस होतं.

या वर्षीच्या वाढदिवसाला त्यांनी लोकरीची शाल आणली. दुर्बीणबाईंनी ती मांडीवर घेतली. चष्मा बाजूच्या टेबलावर होता, तिकडे त्यांचा हात गेला नाही. शालीवरून एकदा तळवा फिरवून त्या म्हणाल्या, "छान आहे."

चाळीस वर्षं हेच ऐकायला सोफेवाले आसुसले होते, आणि ऐकलं तर भीतीच वाटली. शाल उघडलीसुद्धा नव्हती. एका टोकाला तीन धागे सुटले होते. ते दुकानात त्यांनी स्वतः बघितले होते आणि मुद्दाम काही न बोलता शाल घरी आणली होती, म्हणजे बाईला काहीतरी सापडेल. बाईंनी शाल घडीसकट बाजूला ठेवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्यानंतर सगळंच छान व्हायला लागलं. आमटी अळणी झाली, छान आहे. लेकीने परगावाहून पाठवलेला गाऊन दोन मापं मोठा निघाला, छान आहे. सोफेवाल्यांची झोप उडाली. नाकावर माशी बसू न देणारी बाई अशी गोड बोलायला लागली, तर नवऱ्याने समजायचं काय? ती हळूहळू निरोप घेते आहे असं त्यांना वाटायला लागलं, आणि ते कोणापाशी बोलायचीही चोरी.

शेवटी त्यांनी एक शक्कल लढवली. दुकानात बसून उशीचा एक अभ्रा शिवला आणि तो होता होईल तेवढा बिघडवला. शिवण नागमोडी, एक कोपरा आखूड, वर दोरे लोंबलेले. अख्ख्या आयुष्यात इतकं वाईट काम त्यांनी केलं नव्हतं. तो अभ्रा नेऊन त्यांनी बायकोच्या हातात दिला आणि समोरच उभे राहिले.

दुर्बीणबाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडे तोंड करून, "मुद्दाम कशाला वाकडं शिवलंत? तुमचा हात असा चुकत नाही."

"अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं मला. मुद्दाम केलेल्या चुकीला चूक म्हणत नाहीत, लाड म्हणतात. नकोत मला." त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच सोफेवाल्यांना झोंबलं. "अहो, कारखान्यात मी चूक काढली की माल थांबायचा. मॅनेजर पळत यायचा. इथे मी चूक काढते आणि तुम्ही उन्हातान्हातून दुकानात जाता. कोणाचं काय अडतं त्यानं? रेडिओचं बटण जरा बाजूला असलं म्हणून गाणं बंद पडत नाही."

सोफेवाल्यांनी अभ्रा उचलून पिशवीत घातला. दोन वर्षं ते वस्तू शोधत होते, आणि बाईचं दुखणं भलतंच होतं.

त्या दुखण्यावर उत्तर सापडलं ते आठवड्याने, आणि तेही भावाच्या पायावर पडून. दोघं एक जुना सोफा दुसऱ्या मजल्यावरून खांद्यांवरच्या पट्ट्यांवर तोलून उतरवत होते. वळणावर एका पट्ट्याची शिवण उसवली आणि सोफ्याचा कोपरा धाकट्याच्या अंगठ्यावर आला. त्याने बोंब ठोकली. पायरीवर बसून बूट काढता काढता तो ओरडला, "दादा, हे पट्टे कोणी तपासतं की नाही? उद्या एखाद्याचा जीव जाईल!"

सोफेवाले पट्ट्याची उसवलेली शिवण बोटाने चाचपायला लागले. मग एकदम म्हणाले, "तपासायला हवेत. बरोबर बोललास." आणि अंगठा सुजलेल्या भावाची पाठ थोपटली. धाकट्याला वाटलं, दादाचं डोकं फिरलं.

पुढचे दहा दिवस त्यांनी दुकानातलं बाकीचं काम बाजूला सारलं. चांगल्या लाकडाची खुर्ची घेतली, पुढे-मागे धरायला दांडे बसवले, बैठक आणि पाठ मढवली. उचलणाऱ्यांच्या खांद्यांवरून जाणारे जाड पट्टे शिवले आणि बसणाऱ्याच्या कमरेला एक वेगळा पट्टा केला. या वेळी त्यांनी जीव ओतून काम केलं. मग ती खुर्ची वर नेऊन बायकोसमोर ठेवली.

"हे काय?"

"माणूस जिन्यावरून उतरवायची खुर्ची."

"कोण माणूस?"

"बसेल तो," सोफेवाले म्हणाले. "पट्टा तुटला तर पडेल. म्हणून आधी तपासून हवी आहे. मला तिच्यावर दुसऱ्या कोणाची सही चालणार नाही."

दुर्बीणबाईंनी खुर्चीकडे बघितलं, मग पट्ट्यांकडे बघितलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सोफेवाल्यांना स्पष्ट कळत होतं. आता 'मी काय सोफा आहे' येणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"माझा चष्मा द्या," दुर्बीणबाई म्हणाल्या.

पहिल्या तपासणीत अकरा चुका निघाल्या. पट्ट्याच्या टोकाला नुसता शिवणीचा चौकोन मारला होता, आत मजबुतीची फुली नव्हती. इंचाला आठ टाके हवेत तिथे सहा होते. एका दांड्याचा स्क्रू आतून टोचत होता. खडूचे गोल, लाल दोरे, आणि वर बोलणी. "एवढी वर्षं धंदा करता आणि हे काम? लाज नाही वाटत?" सोफेवाले खुर्ची खांद्यावर टाकून शीळ घालत जिना उतरले. खाली उभ्या असलेल्या भावाला काही कळेना.

"परत पाठवली, आणि तू खूश?"

"अकरा चुका!" सोफेवाले म्हणाले. "अकरा!"

दुसऱ्या खेपेला पाच निघाल्या, तिसऱ्या खेपेला दोन. धाकटा वैतागला. "वहिनींना म्हणावं, इतकंच आहे तर स्वतः दुकानात येऊन बसा."

"तोच तर उद्योग चाललाय," सोफेवाले म्हणाले.

चौथ्या खेपेला बाईंनी हुकूम सोडला की आधी खुर्चीत वाळूची पोती बांधून ती बावन्न पायऱ्या उतरवून दाखवायची, नेमकी त्यांच्या वजनाइतकी. वजन सांगताना मात्र दुर्बिणीने पाच किलो चोरले. सोफेवाल्यांनी गुपचूप दहा वाढवले. पोती तीनदा सुखरूप खाली गेली, आणि प्रत्येक वेळी बाईंनी पट्ट्याच्या शिवणीवर बोट फिरवून बघितलं.

मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक पत्र्याचा डबा काढला. कारखाना सोडताना उरलेलं चिठ्ठ्यांचं बंडल त्यात होतं. एक चिठ्ठी काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीला टाचणीने लावली. 'तपासले – १७'. सोफेवाल्यांनी ती वाचली आणि उगाचच नाक शिंकरलं.

"उगाच डोळे पुसत बसू नका," दुर्बीणबाई म्हणाल्या. "भाऊजींना हाक मारा. आणि त्यांना सांगा, सोफा उचलतात तसं उचललं तर याद राखा."

धाकटा खालच्या बाजूला, सोफेवाले वरच्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची जराशी कलली आणि बाईंनी मागे हात नेऊन नवऱ्याचं मनगट गच्च धरलं. ते घाबरून म्हणाले, "थांबू का?"

"थांबायला कोणी सांगितलं? पट्टा माझा बघितलेला आहे. तुम्ही पायऱ्या बघा."

खाली आल्यावर खुर्ची तशीच गल्लीच्या टोकाला आपल्या दुकानासमोर नेऊन ठेवली. दोघं भाऊ धापा टाकत उभे राहिले. दोन वर्षांनी दुर्बीणबाई रस्त्यावर बसल्या होत्या, अंगावर ती तीन धागे सुटलेली शाल. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघितलं, मग मान वर करून दुकानाकडे बघितलं.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "ही पाटी दोन वर्षं अशीच वाकडी लटकते आहे?"

"हो," सोफेवाले म्हणाले. ती वाकडी आहे हे त्यांनी आजवर बघितलंच नव्हतं.

"आणि लोक या दुकानात सोफे देतात?"

शिडी आली. सोफेवाले वर चढले. खालून हुकूम सुटत होते, डावीकडून वर, एवढी नको, थोडी खाली, आणखी केसभर. धाकटा शिडी धरून हसत होता. शेजारचे दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले, आणि वस्तू परत घेऊन दमलेला तो दुकानदार या बाईंना दोन वर्षांनी पहिल्यांदाच बघत होता. सोफेवाल्यांचे हात दुखून आले, पण त्यांना खाली उतरायची घाई नव्हती.

"आता?" त्यांनी वरून विचारलं.

"आता छान आहे."

सोफेवाल्यांनी चटकन मागे वळून बघितलं. चष्मा नाकावर होता.