एरंडेलाचे हात

टेम्पो भरून झाला होता, दोऱ्या आवळल्या होत्या आणि श्रावणी सापडत नव्हती. माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. शेवटी ती तालमीत सापडली. मल्लखांबाला पायांची अढी घालून उलटी लटकली होती, वेणी खाली लोंबत होती. माझी बायको सुनीता दारातून हाका मारून थकली. माझ्या वडिलांना अख्खं गाव आप्पा म्हणतं, ती तालीम त्यांनीच चालवली. ते खांबाजवळ जाऊन एवढंच म्हणाले, "उतर पोरी. खांब कुठं जात न्हाई."

ती उतरली. चिमूटभर माती कपाळाला लावली, खांबाला सलामी दिली आणि टेम्पोत येऊन बसली. आप्पांनी तिच्या दप्तरात एरंडेलाची छोटी बाटली सरकवली. अंग घासू नये म्हणून मल्लखांबाला आणि हातापायांना एरंडेल लावतात, हे तुम्हा गावाकडच्यांना सांगायला नको. इकडे सांगावं लागतं.

सूतगिरणी बंद पडली म्हणून मी गाव सोडलं. काम मिळालं अंबरनाथच्या एमआयडीसीत, क्वालिटी विभागात. पत्र्याची जाडी मोजायची. मापात बसला तर पास, नाहीतर परत. घर घेतलं बदलापूरला, शिरगावात, तिसऱ्या मजल्यावर. शाळा जवळ, पाणी बऱ्यापैकी. सगळं नीट हिशोबाने केलं होतं. पोरगी उलटी कुठे लटकणार, हे तेवढं हिशोबात धरलं नव्हतं.

ती दाराच्या चौकटीला लटकायची, खिडकीच्या ग्रिलला लटकायची. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या. "भाऊ, तुमच्याकडे रोज काय पडतं हो?" मी म्हणालो, "मुलगी." त्या हसल्या, पण परत गेल्या नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी सुनीताला सांगितलं, "क्लासला घाला तिला. जिम्नॅस्टिकचा. इथे सगळे घालतात."

मल्लखांब मी आधी शोधला. एका शाळेत होता, पण त्याच शाळेच्या मुलांसाठी. मग जिम्नॅस्टिकचे क्लब पाहायला निघालो. माझ्या खिशात मोजटेप कायम असते.

पहिला क्लब शिरगावातच, एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. चालत जाता येईल इतका जवळ. सरांचा स्वभाव चांगला, मुलं हसत होती. मी गादीखाली बोट घातलं. दीड इंच, आणि खाली थेट फरशी. वर छताचा बीम इतका खाली की उंच मुलगी उडाली तर डोकं लागेल. दुसरा अंबरनाथला. हॉल उत्तम, गाद्या जाड, पण लहान मुलींची बॅच दुपारी, आणि त्या वेळी आम्ही दोघंही कामावर. तिसरा उल्हासनगरला. छत उंच, फोमने भरलेला खड्डा, आठ मुलींमागे एक कोच, सगळ्या बॅच शनिवार-रविवारी. माझ्या सगळ्या मापांत बसणारा हा एकच. फक्त आधी ट्रायल द्यावी लागणार होती.

ट्रायलच्या दिवशी पालकांना काचेच्या अलीकडे बसवलं. मी दार ढकलून पाहिलं. शेजारी बसलेल्या एक सिंधी ताई म्हणाल्या, "भाईसाब, वो अंदर से खुलता है. यहाँ देखने का, बोलने का नहीं." त्यांची मुलगी तीन वर्षं तिथे होती. त्यांनी मला पापड दिला. मी तो हातात धरून बसलो.

श्रावणी आत गेली आणि सवयीने वाकून गादीला हात लावून कपाळाला लावला. रांगेतल्या दोन मुलींनी लगेच तिची नक्कल केली. ताई म्हणाल्या, "अच्छे संस्कार हैं." मग कोच मॅडमनी तिला आडव्या बारवर चढवलं. तिने झोका घेतला. झोका सुरेख होता, तेवढं मला कळतं. दुसऱ्या झोक्याला तिचे दोन्ही हात सुटले आणि ती गादीवर आदळली.

मी उठून काचेला हात लावून उभा राहिलो. त्याहून जास्त काही करता येण्यासारखं नव्हतं.

मॅडमनी तिचे हात उलटे करून पाहिले, वास घेतला. आवाज काचेतूनही ऐकू आला. "ये क्या लगाके आई है? बारवर डोसा घालायचाय का?" सगळ्या मुली हसल्या. कपडे बदलायच्या खोलीत तिने आप्पांच्या बाटलीतलं एरंडेल कोपरापर्यंत चोळलं होतं. चढण्याआधी तेल लावायचं, एवढंच तिला ठाऊक. बारवर हात कोरडे लागतात, पांढरी पावडर लावतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. ती हसली नाही, रडली नाही. काचेतून माझ्याकडे बघत राहिली.

मॅडम बाहेर येऊन नीट बोलल्या. "पकड चांगली आहे तिची. पण सवयी सगळ्या उलट्या. छोट्या मुलींच्या बॅचमध्ये बसवावं लागेल. आणि ते खांबाचं तिला विसरायला सांगा."

रात्री आप्पांना फोन केला. तेलाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पडली तवा पाठ गोल केली हुती?"

"केली होती." पडताना पाठ गोल करायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"मग ऱ्हाऊ दे तिथंच," ते म्हणाले, आणि फोन सुनीताकडे द्यायला सांगितला.

मी श्रावणीला विचारलं, कुठल्या क्लबला जायचं. ती म्हणाली, "जिथे तेल चालतं तिथे." असा क्लब माझ्या यादीत नव्हता. मी फोमचा खड्डा पाहून ठरवलं आणि तिचं नाव उल्हासनगरला घातलं. तिला विसरायला मात्र सांगितलं नाही. ते मला जमणारही नव्हतं. पाच वर्षांच्या मुलींमध्ये ती सगळ्यात उंच, शेवटी उभी राहायची. घरी येताना रिक्षात माझ्या पॅन्टवर तिचे पांढरे हात उमटायचे. दाराची चौकट तिने कधी सोडली, ते माझ्या लक्षात आलं नाही. खालच्या काकूंच्या आलं. "आता काही पडत नाही हो वरून," त्या म्हणाल्या.

दिवाळीला गावी गेलो. ती धावत तालमीत गेली, माती कपाळाला लावली, सलामी दिली, आणि चढायच्या आधी आजूबाजूला काहीतरी शोधू लागली. पावडर. नाही दिसली तेव्हा वाकून तळहातांना कोरडी माती चोळली. आप्पा खांबाला तेल लावत होते. त्यांनी ते पाहिलं, बाटलीला बूच लावलं आणि खांद्यावरच्या टॉवेलने वरचं तेल पुसायला लागले. तालमीत इतकी वर्षं काढली, पण खांबावरचं तेल पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी तिला बोलवायला तालमीकडे वळलो, तर ती बॅग घेऊन अंगणात उभी होती. आप्पांनी विचारलं, "आज लौकर उतारलीस?"

"उद्या क्लास आहे, आप्पा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "चला ना बाबा, घरी."

घर शब्द तिने बदलापूरसाठी पहिल्यांदाच वापरला होता, आणि तो गावच्या घराच्या अंगणात उभं राहून. गाव सोडताना मला हेच हवं होतं. मी आप्पांकडे पाहिलं. ते तेलाचे हात टॉवेलला पुसत होते. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता त्यांना, पण आधी ते हात नीट कोरडे करत राहिले.