करंजाखालचं शून्य

"साहेब, आज शून्य कुटं पडलंय?"

भुकूमच्या साइटवर मी लॅपटॉप उघडला की तात्यांचा हा प्रश्न ठरलेला. जणू काही ते शून्य रोज उठून जागा बदलतं!

तुम्ही कुठे मोजणी चाललेली पाहिली असेल, तर काठी धरून उभा असलेला माणूसही पाहिला असेल. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. काठीच्या टोकाला यंत्राचा किरण परत फिरवणारं काचेचं प्रिझम असतं. ती टेकवली की आमचं यंत्र आपोआप तिकडे वळतं आणि ती जागा शून्यापासून किती पूर्वेला, किती उत्तरेला, ते दोन आकडे दाखवतं. आमच्याकडे ती काठी तात्या धरायचे. त्यांचा हात थरथरायचा, त्यामुळे आकडा दोन मिलिमीटर इकडे, दोन तिकडे हलत राहायचा. मी चिडायचो.

"तात्या, जरा स्थिर धरा!"

"म्या स्थिरच हाय. तुमचं यंत्रच भित्रं हाय."

ही जमीन एके काळी त्यांच्याच घरची. भावांनी मिळून विकली, आणि तात्या तिच्यावरच रोजंदारीला आले. गावात लोक हसत. मलाही ते चमत्कारिक वाटायचं.

एकदा मी त्यांना समजावून सांगितलं. सॉफ्टवेअरमध्ये मांडणी करताना पहिल्या खुंटीला मी हजार, हजार असे आकडे देतो. म्हणजे शून्य साइटच्या पार बाहेर पडतं आणि आत कुठेच उणे आकडा येत नाही. उण्याचं चिन्ह वाचायचं राहिलं, तर खांब भलतीकडेच उभा राहायचा. "शून्यावर कुणी बांधत नाही, तात्या," मी थट्टेनं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते मला बांधावरच्या करंजाखाली घेऊन गेले.

"साहेब, शून्य हितं आनता यील का?"

"इथे? कशाला?"

"हितं माजी पोर हाय. आट दिसांची व्हती. बारसंबी झालं न्हाई."

नकाशात नेमका तिथेच पाण्याच्या टाकीचा खड्डा होता. मी त्या जागेचे आकडे घेतले. सॉफ्टवेअरनं बिंदूचं नाव मागितलं. "नाव न्हाई तिला," तात्या म्हणाले. मी नुसतं शून्य लिहिलं आणि "बघतो" म्हणालो. बघितलं मात्र नाही. त्याची आजही लाज वाटते.

दिवाळीनंतर तात्या तापानं गेले.

खोदाई सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी, काठी धरायला आलेला नवा माणूस माझ्यासमोर उभा होता. यंत्र त्याच्याकडे पाठ करून करंजाकडे वळलं आणि तिथेच थांबलं. झाडाखाली कुणी नव्हतं. पडद्यावर मात्र त्या बिनानावाच्या बिंदूचे आकडे होते, दोन मिलिमीटर इकडे, दोन तिकडे. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. ते पुन्हा तिकडेच वळलं.

"साहेब, तितं कोन हाय?" नव्या माणसानं विचारलं.

जाऊन पाहिलं. गवतात काठीच्या टोकाचं एक भोक होतं. त्यातली माती ओली होती.

त्याच संध्याकाळी मी सगळी मांडणी बदलली आणि शून्य करंजाखाली आणलं. अर्धी साइट उण्यात गेली. इंजिनिअर भडकला, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी सांगितलं, इथूनच सगळं मोजायचं, ही खूण कायमची, इथे कुदळ लागता कामा नये. वादावादी झाली, पण टाकी सरकली.

आता तिथे छोटा चौथरा आहे. यंत्र शहाण्यासारखं वागतं. तरी कधी एखाद्या दुपारी, आसपास कुणी नसताना, मी ते मुद्दाम करंजाकडे वळवतो. पडद्यावर शून्य, शून्य उमटतं. मग आकडा हलू लागतो. दोन इकडे, दोन तिकडे.

पूर्वी मला ती म्हाताऱ्या हाताची थरथर वाटायची. आता वाटतं, कुणीतरी पाळणा हलवतंय.