कपाळाचा नमुना

मंगळवार, १२ मार्च २०२४, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. वेळ नेमकी आठवते, कारण बैठकीचे टिपण माझ्याकडे होते. केंब्रिजच्या उत्तरेकडील एका सायन्स पार्कमध्ये आमची कंपनी आहे. तिथल्या लहानशा काचेच्या खोलीत आम्ही तिघी बसलो होतो: एचआरची अधिकारी, मी, आणि आमच्या क्लीनरूममध्ये अकरा वर्षे काम करणाऱ्या काकू. बैठकीचा विषय काकूंचे कुंकू हा होता.

आमच्याकडे रुग्णाच्या रक्तातील पेशी येतात. त्या प्रयोगशाळेत वाढवून त्याच रुग्णाला परत दिल्या जातात. या औषधाची अडचण अशी की, तयार झाल्यावर ते निर्जंतुक करता येत नाही. उकळले तर जंतूंबरोबर पेशीही मरतील. त्यामुळे सारी भिस्त खोलीच्या स्वच्छतेवर असते, आणि खोलीतील सर्वांत अस्वच्छ वस्तू म्हणजे माणूस. त्याच्या त्वचेतून सतत काहीतरी झडत असते. ते किती झडते, कुठे पडते आणि त्यात जिवंत काय आहे, हे मोजणे हे माझे काम. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी पीएचडीसाठी इथे आले आणि दोन वर्षांपूर्वी या कंपनीत लागले. माझ्या विभागाचे प्रमुखपद रिकामे होणार होते आणि ते मला हवे होते. क्लीनरूममधील पोशाखाचे नियम नव्याने लिहिणे ही त्यासाठीची माझी परीक्षा होती, असे कोणी उघड म्हटले नव्हते. पण मला तसे समजले होते.

जुन्या नियमात एवढेच होते: मेकअप चालणार नाही. हा शब्द मला ढिला वाटला. ओठांना लावायचे मलम मेकअप आहे का? सनस्क्रीन? ख्रिस्ती लोकांच्या राख लावण्याच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, आमचा एक सहकारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येतो, ती? म्हणून मी लिहिले, ‘चेहरा, मान व हात यांवर बाहेरून लावलेला कोणताही पदार्थ चालणार नाही.’ वाक्य नेटके होते. त्याला अपवाद नव्हता, पळवाट नव्हती. ते लिहिताना काकू माझ्या डोळ्यांसमोर आल्या नाहीत, असे मी स्वतःला सांगत आले आहे. रोज सकाळी चेंजिंग रूममध्ये ते कपाळ माझ्यासमोर असायचे, हेही तितकेच खरे आहे.

काकू मूळच्या मिरजेच्या. लग्नानंतर त्या इंग्लंडमध्ये आल्या, मुले शाळेत जाऊ लागल्यावर त्यांनी कॉलेजचा एक कोर्स केला आणि पुढे या कामात शिरल्या. मी नवीन असताना एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, रुग्ण घेणारा डेंटिस्ट त्यांनीच मला शोधून दिला. इथे राहणाऱ्याला या उपकाराची किंमत कळेल. त्यांच्या कपाळावर टिकली नसे. मेण लावून त्यावर पिंजर, पाच पेन्सच्या नाण्याएवढी, कडा अगदी गोल. त्यावर क्लीनरूमची पांढरी टोपी भुवयांपर्यंत यायची आणि खाली गॉगल. आत गेल्यावर ते कुंकू कोणालाच दिसत नसे.

आता प्रश्न सरळ होता. नवा नियम मान्य करून काकूंनी आत जाताना कुंकू पुसायचे, किंवा क्लीनरूम सोडून लेबलिंगच्या खोलीत जायचे. काकूंनी दोन्हींना नकार दिला होता.

एचआरची अधिकारी सौम्य होती. तिने काकूंना विचारले, “हे धर्मानुसार आवश्यक आहे, की तुमची वैयक्तिक आवड? कायद्याच्या दृष्टीने आम्हाला हे समजून घ्यावे लागते.”

काकूंनी उत्तर जुळवायला वेळ घेतला. अधिकारी माझ्याकडे वळली. “तुमची पार्श्वभूमी एकच आहे. तुम्ही मदत कराल?”

मी लगेच मदत केली. विवाहित हिंदू स्त्रीचे ते चिन्ह आहे, मी म्हणाले. पती हयात असल्याचे. तुमच्या लग्नाच्या अंगठीसारखे. हातमोज्यांखाली साधी अंगठी आपल्याकडे चालते, तर मग या उदाहरणाचाही विचार व्हायला हवा. मुद्दा मला स्वतःला फार पसंत पडला होता. मीच लिहिलेल्या नियमाविरुद्ध मी काकूंच्या बाजूने बोलत होते, आणि तेही तर्काला धरून.

अधिकारी लिहायची थांबली. तिने समोरच्या कागदाकडे पाहिले, मग काकूंकडे. “मला वाटतं, तुम्हाला पतिनिधनाची रजा मीच मंजूर केली होती.”

“हो,” काकू म्हणाल्या. “सहा वर्षं झाली.”

दोन वर्षे मी या बाईंबरोबर डबा खाल्ला होता. कुंकू पाहून मी त्यांचा नवरा जिवंत धरला होता. इंग्रज बाईला वस्तुस्थिती माहीत होती, कारण तिला कुंकवाचा अर्थ माहीत नव्हता. मला अर्थ माहीत होता, म्हणून मी विचारले नव्हते.

“मग आता त्याचा अर्थ काय?” अधिकारी बाईने विचारले. त्यात खोच नव्हती. तिला खरोखर रकाना भरायचा होता.

काकू इंग्रजीत म्हणाल्या, “मी लहान असल्यापासून लावते. यजमान नंतर आले.”

बैठकीनंतर आम्ही कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या होतो. मी माफी मागायचा प्रयत्न केला. काकूंनी कपाखालचे बटण दाबले.

“दोन वर्षांत एकदा विचारलं नाहीस, यजमान काय करतात म्हणून.”

“मला वाटलं, घरी असतात. रिटायर्ड.”

“तसे रिटायर्डच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. मग भरलेला कप उचलला. “मिरजेला दिवस केले ना, तेव्हा तेराव्याला माझी जाऊ आली होती पुढे. ओला रुमाल घेऊन. वाईट नाही हं ती, रडतच होती. म्हणाली, वहिनी, आता हे. मी रुमाल घेतला, तोंड धुतलं आणि आरशासमोर जाऊन परत लावलं. सासूबाई बघत होत्या. कोणी बोललं नाही. मग सगळे बोलले, पण ते मी इकडे आल्यावर.”

“बरोबर केलंत.”

“बरोबर-चूक नाही गं. सात वर्षांची होते, तेव्हा आईनं लावायला शिकवलं. नवरा पंचविसाव्या वर्षी आला. तो जाताना स्वतःबरोबर आणलेलं घेऊन जाईल, आधीचं कसं नेईल?” त्यांनी माझ्या कोऱ्या कपाळाकडे पाहिले. “तुझं बरं आहे. तुला कोणी काही विचारतच नाही.”

एचआरने कायदेशीर सल्ला घेतला. अर्थ काहीही असो, एखाद्या समूहालाच जाचक ठरेल असा नियम ठेवायचा तर त्याची गरज दाखवता आली पाहिजे, असे उत्तर आले. म्हणजे कोणीतरी मोजायला हवे होते. मोजणारी मीच होते.

पद्धत अशी ठरली. काकूंनी नेहमीप्रमाणे पूर्ण पोशाख चढवायचा. ठरलेला वेळ काम केल्यावर त्यांच्या टोपीवर, कपाळाच्या जागी, मी अगारची, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीची, एक लहान गोल प्लेट दाबायची. प्लेट उबदार कपाटात ठेवायची आणि त्यावर जंतूंच्या किती वसाहती उगवल्या ते मोजायचे. तीनदा कुंकवासह, तीनदा कुंकवाशिवाय. तुलनेसाठी कोरे कपाळ अपरिहार्य होते. त्यावाचून कुंकवासहच्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. आणि पुसण्याच्या पद्धतीत माणसागणिक फरक पडू नये, म्हणून मी आराखड्यात लिहिले, ‘नमुना घेणारी व्यक्ती अल्कोहोलच्या वाइपने सहभागी व्यक्तीचे कपाळ पुसेल.’ मॅनेजरने आराखड्याची स्तुती केली. ती योग्यच होती.

कुंकवासहचे तिन्ही नमुने पहिल्या आठवड्यात झाले. काकू त्या आठवड्यात विनोद करत होत्या. “गावाकडच्या बायकांसारखं गोंदूनच घेते. मग बस घासत.” मी त्यांना गंभीरपणे सांगितले की ताज्या गोंदणाची खपली झडते, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत आत प्रवेश मिळणार नाही. “तुझ्याशी थट्टा करायचीसुद्धा पंचाईत,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात सोमवारी आम्ही दोघी चेंजिंग रूममध्ये होतो. मधल्या बाकाच्या अलीकडे बाहेरचे बूट, पलीकडे आतले. काकू बाकावर बसल्या होत्या, केस जाळीत बांधलेले, हात मांडीवर. मी वाइपचे पाकीट फाडले, तो घडी घालून बोटांवर घेतला आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. अल्कोहोलचा वास आला. पुढची कृती माझ्या आराखड्यात स्पष्ट लिहिलेली होती.

माझा हात पुढे गेला नाही.

कारण मला आजही नीट मांडता येत नाही. मी देवापुढे हात जोडत नाही. सौभाग्य, वैधव्य हे शब्द मी परक्यासारखे वापरते. एका ग्रॅमच्या शतांशाहून कमी रंगीत भुकटी दुसऱ्या माणसाच्या त्वचेवरून काढायची होती. त्याआधी मी अशाच वाइपने हजार पृष्ठभाग पुसले असतील. तरीही पुसणारी बाई म्हणून मी उभी होते आणि समोर एक बाई डोळे मिटून, मान वर करून बसली होती. ओला रुमाल घेऊन पुढे आलेल्या त्या जावेला मी मनातल्या मनात किती सहज निकालात काढले होते, ते मला तेव्हा आठवले.

काकूंनी डोळे उघडले. “काय झालं?”

“काही नाही.”

“दे इकडे,” त्या म्हणाल्या आणि माझ्या बोटांतून वाइप काढून घेतला. “तुझ्या हातून नको. आईला काय सांगशील?”

त्यांनी स्वतः पुसले. आरशाकडे पाठ केली होती. मेण सहज निघत नाही. दोन वाइप आणखी लागले. कपाळाच्या मध्यभागी एक फिकट गोल उरला, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा उजळ, इतक्या वर्षांत ऊन न लागलेला. मी टोपी पुढे केली. त्यांनी ती नेहमीपेक्षा खाली ओढली.

पुढच्या दोन्ही वेळी त्यांनीच पुसले. आराखड्यापासून झालेला हा बदल मला नोंदवावा लागला. कारणाच्या जागी मी ‘सहभागी व्यक्तीची इच्छा’ असे लिहिले. ते अपुरे होते. इच्छा दोघींची होती.

रविवारी आईचा फोन आला. लॅबमध्ये काय चाललंय, असे तिने विचारले. रूटीन, मी म्हणाले.

आकडे आले. कुंकवासह: शून्य, शून्य, एक. कुंकवाशिवाय: शून्य, एक, शून्य. मी अहवालात दोन वाक्ये लिहिली. पहिले, ‘दोन्ही स्थितींत फरक आढळला नाही.’ दुसरे, ‘मात्र नमुन्यांची संख्या पाहता फरक नसल्याचे सिद्ध होत नाही.’ दोन्ही वाक्ये बरोबर होती. दुसरे गाळले असते, तर एखाद्या जाणत्या माणसाने त्यावर बोट ठेवले असते, आणि ते मला परवडणारे नव्हते. क्वालिटी विभागाने दुसरे वाक्य धरले. शंका असेल तिथे रुग्णाच्या बाजूने निर्णय घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पलीकडे कोणाच्या तरी शिरेत ते औषध जाणार होते. नियम कायम राहिला.

मी हे काकूंना स्वतः सांगायला गेले. त्या कँटीनच्या खिडकीशी संत्रे सोलत होत्या. कपाळावर कुंकू होते. बाहेर त्याला कोणाची हरकत नव्हती.

“म्हणजे तुझ्या आकड्यांनी काय सांगितलं?”

“काही सांगितलं नाही, काकू.”

“मग ठरवलं कोणी?”

मी तांत्रिक स्पष्टीकरण सुरू केले. त्यांनी ते मध्येच तोडले नाही. शेवटपर्यंत ऐकले आणि संत्र्याच्या चार फोडी माझ्यासमोर ठेवल्या.

“तीनदा पुसलं मी, तुझ्या परीक्षेसाठी,” त्या म्हणाल्या. “तुझं काम होतं म्हणून. रोज आत जाताना दोन-दोनदा नाही पुसणार. तिकडं मिरजेत सगळ्यांसमोर नाही म्हटलं, ते इथं एकटीनं रोज हो म्हणायला नव्हे.” साली गोळा करत म्हणाल्या, “लेबलिंगला जाते. खिडकी तरी आहे. अकरा वर्षं आत उजेड दिसला नाही.”

“तुम्हाला आतलं काम आवडतं.”

“आवडतं म्हणून तर सांगतेय खिडकीचं,” त्या म्हणाल्या. “खा. संत्रं कडू नाही.”

एप्रिलअखेर त्या लेबलिंगला गेल्या. मे महिन्यात मला प्रमुखपदाचे पत्र मिळाले. काकूंनी त्या दिवशी अभिनंदन केले, मनापासून. त्यांच्या आवाजात मी काहीतरी शोधत राहिले आणि मला ते सापडले नाही. त्यामुळे उलट जास्त अस्वस्थ वाटले. आता आम्ही डबा क्वचितच एकत्र खातो. वेळा जुळत नाहीत, असे दोघी म्हणतो. त्या वेळा मीच ठरवते.

काकूंच्या जागी नवीन माणूस तयार व्हायला वेळ लागणार होता. आत जाण्याची पात्रता माझ्याकडे होती, म्हणून काही आठवडे त्यांच्या पाळीला मी उभी राहिले. पहिल्या दिवशी मी स्वतःचे कपाळ वाइपने पुसले, नियमाला धरून, जरी तिथे पुसण्यासारखे काही नव्हते. टोपी, गॉगल, मास्क. आत गेल्यावर कोणाचे कपाळ कसे आहे, हे कोणालाच दिसत नाही. काम संपल्यावर माझ्या टोपीवरही कपाळाच्या जागी प्लेट दाबली गेली. नमुन्याची जागा तीच, म्हणून संगणकाने माझी ओळ काकूंच्या सहा ओळींच्या खाली लावली.

प्लेट उबदार कपाटातून बाहेर काढली, तेव्हा मी ती दिव्यासमोर धरून दोनदा मोजली. मोजणीत शंका नव्हती. काकूंच्या सहा आकड्यांत एकाहून मोठा आकडा नव्हता. त्यांच्याखाली, कोऱ्या आणि पुसलेल्या कपाळाच्या नावावर, मी माझा आकडा लिहिला: तीन.