जीपमधली भूल

कुमुदताई गेल्याचं त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं. भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून त्यांना जिल्हाभर ओळखत. मला मात्र त्या आठवतात शेवगाव-नगर रस्त्यावरच्या जीपमध्ये, गुडघे टेकून बसलेल्या...

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधीची गोष्ट. मी शेवगावच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो आणि ताई कुटुंबनियोजनाच्या शिबिरासाठी नगरहून आल्या होत्या. सकाळीच पारूबाईला बैलगाडीतून आणलं. झोपेत मण्यार चावलेली. पापण्या मिटलेल्या, श्वास मंदावत चाललेला. ताईंनी घशात नळी घातली, तिला हाताने दाबायचा भाता जोडला आणि आम्ही नगरला निघालो. भाता मी दाबत होतो. ड्रायव्हर म्हणाला, "नगर गाठंल का न्हाई, कुनास ठाऊक." तेवढ्यात पारूबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ताई वाकल्या.

"पारूबाई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा."

अंगठा किंचित हलला. विषाने शरीर लुळं पडलं होतं, पण आत बाई टक्क जागी होती.

ताईंनी शिबिरासाठी आणलेलं ईथरचं यंत्र भात्याला जोडायला घेतलं.

"ताई, श्वासच नाही, तर भूल कसली देता? नाडी बसली तर?"

"श्वास तुम्ही देताय. नाडी मी धरते. जागेपणी ही नळी सोसायची म्हणजे काय, विचार करा."

ईथरची वाफ पेट घेते, म्हणून त्यांनी जीपचे पडदे वर करायला लावले आणि ड्रायव्हरला विडी खिशात ठेवायला सांगितली. ईथर अगदी बेताने सोडलं. धावणारी नाडी हळूहळू शांत झाली. आम्ही नगर गाठलं.

पारूबाई बरी झाल्यावर ताई तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. त्यांना सगळं जाणून घ्यायचं होतं.

"समदं ऐकू येत हुतं," पारूबाई म्हणाली. "वाटलं, आता ह्ये मला मेलेलीच धरत्यात. मंग तुमी नाव घेऊन बोलल्या."

"आणि नंतर? स्वप्न पडलं?"

"न्हाई. नुस्ती झोप लागली. लई बरं वाटलं."

या साध्या उत्तराचं ताईंना केवढं अप्रूप...

पुढे संगमनेरला त्यांनी बरीच वर्षं काम केलं, भुलीतल्या माणसाशीही बोलत. परवा तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेलो होतो. ताईंना कधीही न पाहिलेली एक डॉक्टर भुलीतल्या म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून सांगत होती, "काका, होत आलं. आता फक्त टाके."

"हे कोणी शिकवलं?" मी विचारलं.

ती गोंधळली. "शिकवलं असं नाही, सर. इथे सगळेच बोलतात."