पेवातली साक्ष

माझे सासरे सोमवारी सकाळी वारले. वडीगोद्रीच्या पाटलांनी जालन्याला माणूस पाठवला आणि आम्ही दुपारच्या मोटारीने निघालो.

अख्ख्या निजामी मुलखात स्वतःची फजिती इतक्या आनंदाने आणि इतक्या वेळा सांगणारा माणूस दुसरा झाला नसेल. ते मिशनचे उपदेशक होते, पण उपदेश त्यांना जमत नसे. शास्त्रातलं एखादं वचन सुरू केलं की दोन वाक्यांत ते स्वतःच्या पेवात जाऊन पडत. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तरुणपणी शिंदी पिऊन ते पाटलांच्या उघड्या पेवात पडले होते. आतली हवा कोंदलेली. उतरेल तो मरेल म्हणून माणसं काठावरच उभी राहिली. शिवाय पडलेला गावकुसाबाहेरचा. तेवढ्यात वाटेने चाललेला एक ख्रिस्ती प्रचारक कमरेला दोर बांधून खाली उतरला. त्याने यांना वर काढलं, घरी नेलं, आठ दिवस पेज पाजली. "शिकवलं काईच न्हाई त्यानं," सासरे सांगत. "निस्ती पेज पाजली. नवव्या दिशी म्याच इचारलं, बाबा, तुझा देव कोन?" आपण ख्रिस्ती कसे झालो याची एवढीच त्यांची साक्ष. काठावर कोण कोण होतं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

साक्षीला त्यांना जागा-वेळ लागत नसे. न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर असतानाही ते पेवात पडत, आणि न्हावी घाबरून म्हणे, "मामा, हनुवटी होईस्तोर वरच ऱ्हावा." बाजारातले शिंपीचाचा यांना पाहताच मशीन थांबवत: "कल पेव तक आए थे, आगे बोलो." मग चाचा आपल्या पिराची गोष्ट सांगत आणि सासरे तीही तितक्याच कौतुकाने ऐकत. दुसऱ्याचं आधी ऐकून घ्यायचं हा त्यांचा नेम होता. एकीची म्हैस मेली म्हणून साक्ष द्यायला गेले, ते तिच्या बरोबरीने रडून परत आले. साक्ष राहूनच गेली. "पुन्हा जाईन की," मला म्हणाले, "दुसरी म्हैस हाय तिची."

रोज संध्याकाळी ते पाटलांकडे जात. पहिली काही वर्षं पाटील ओट्यावर आणि सासरे अंगणात. पुढे कधीतरी दोघं एकाच घोंगडीवर बसू लागले. कधीपासून, ते दोघांनाही सांगता येत नसे. पाटलांना साक्ष तोंडपाठ होती. सासऱ्यांनी सात दिवस पेज म्हटलं की ते लगेच टोकत, "आठ! एक दिस खाऊन राह्यला का रे?"

एके वर्षी जालन्याहून वरिष्ठ पाळक वही घेऊन आले. मी त्यांच्यासोबत होतो. वडीगोद्रीच्या पानावर बाप्तिस्म्याचं एकही नाव नव्हतं. मिशनचं तिथलं ठाणं बंद करून सासऱ्यांना परतूरला हलवायचं जवळजवळ ठरलं होतं. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. हे गाव सुटलं तर माझ्या सासऱ्यांजवळ काय उरणार, ते मला दिसत होतं. पाळकांनी पाटलांच्या ओट्यावर बसून विचारलं, "इतक्या वर्षांत काय केलंत, सांगा." सासरे उठले, टोपी सारखी केली, तोंड उघडलं. सर्दीने आठवडाभर घसा बसला होता. आवाज फुटेना.

"बस तू," पाटील म्हणाले. "म्या सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. शिंदी, पेव, दोर. दोराशी येऊन मात्र ते थांबले.

"ह्यो कवा सांगत न्हाई. पर काठावर म्या व्हतो. पेव आमचं, दोर माह्या हातात. म्या उतरलो न्हाई. हे त्याला समदं ठावं हाय, तरी रोज येऊन माह्यापाशी बसून राह्यलाय."

सासरे हात हलवून 'पुरे, पुरे' अशा खुणा करत होते.

पाळकांनी हलकेच विचारलं, "पाटील, आपण ख्रिस्ती आहात का?"

"न्हाई जी."

"होण्याचा विचार?"

"बिलकुल न्हाई. पर याला परतूरला धाडू नका. मंग माह्यापाशी कोन बसंल?"

 पाळकांनी वही मिटली आणि प्यायला पाणी मागितलं. परतूरचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. परतताना मोटारीत ते एवढंच म्हणाले, "वहीत रकाने कमी आहेत."

सासरे वडीगोद्रीतच राहिले, शेवटच्या सोमवारपर्यंत. मातीला गाव आलं होतं. खड्ड्याच्या काठावर पाटील उभे होते. एकाएकी कुणाला न विचारता ते खाली उतरले, आणि पेटी त्यांनी खालून हातांत घेतली.

आता वडीगोद्रीत ख्रिस्ती माणूस एकही नाही. साक्ष पाटील सांगतात.