इंदूमावशीचं मत

इंदूमावशी मतदार ओळखपत्र चंचीत ठेवायच्या. पान, सुपारी, चुन्याची डबी आणि त्यांच्या जोडीला भारत सरकार! पेटीत ठेवा म्हटलं की म्हणायच्या, "पेटी कवा उघडती? चंचीत हात गेला की कळतं, हाय जाग्यावर."

सास्तूरच्या अलीकडे आमची शाळा. मावशी तिथं खिचडी शिजवायच्या. मी तिथला शिक्षक आणि गावचा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचा हमाल. एवढ्या जपणुकीचं कारण गावाला ठाऊक होतं. मागे एकदा खुरपणी उरकून मावशी केंद्रावर पोचल्या, तर त्यांच्या नावावर भलतीच बाई मत टाकून गेलेली. 'ही इंदूच' म्हणून तिथल्या पक्षांच्या एजंटांनी माना डोलावल्या होत्या. मावशी पायरीवर बसून रडल्या होत्या म्हणे.

गेल्या निवडणुकीला शाळेत मुक्कामी आलेल्या कर्मचाऱ्यांना मावशींनीच पिठलं-भाकरी घातली. सकाळी रांगेत त्याच पहिल्या. कार्ड काढून बघतात तर काय, प्लास्टिकच्या फाटक्या कडेतून चुना शिरलेला आणि फोटोतला चेहराच खाल्लेला. उरला होता नुसता पदर.

केंद्राध्यक्ष हसले. पिठल्याची चव अजून जिभेवर आहे, तुम्हाला कोण ओळखत नाही, जा आत, म्हणाले. रांगेनंही होकार दिला. मावशी हलेनात.

"न्हाय साहेब. आज मला वळखीवर सोडलं, तर उद्या दुसरीलाबी वळखीवरच सोडताल. मागं तसंच झालतं."

आधार कार्ड लांबच्या मळ्यात, लेकाकडं. बाई पायीच तिकडं निघाल्या. मला रागच आला. मागे जाऊन म्हटलं, मावशी, हा हट्ट तुम्हाला परवडतो. ज्याच्याजवळ एकही कागद नाही, त्यानं मत टाकायचंच नाही का?

"त्येला कागद करून द्या की सर. त्येच तर तुमचं काम हाय."

मी केंद्रावर परतलो. दुपार कलल्यावर त्या घामाघूम होऊन परतल्या, कार्ड दाखवलं, मत टाकलं आणि शाईचं बोट माझ्यापुढं नाचवत घरी गेल्या.

या उन्हाळ्यात मावशी वारल्या. तेरावा झाला आणि त्यांची सून शाळेत आली. मला वाटलं, खिचडीचं काम मागायला आली असेल. तिनं मृत्यूचा दाखला पुढं केला.

"आत्याबाई सांगून गेल्यात, बाकीचं मागनं बघा, आदी यादीतनं नाव काढा. माझ्या माघारी माझं मत कुनी टाकायचं न्हाय."

मी तिच्यासमोरच अर्ज भरला. अशी कितीतरी नावं आजवर काढली, पण त्या दिवशी सही करताना मला रडू आवरलं नाही.